अंगठीची टकटक

नवरा गेल्यापासून त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर रोज तोच प्रश्न येई: नवी सिस्टीम आत्ता टाकायची, की नंतर? बाई 'नंतर' दाबायच्या. दाबलं की डब्याच्या आतून दोनदा टकटक व्हायची. चहाला उशीर झाला की नवरा टेबलावर अंगठी अशीच वाजवायचा. तेवढ्या आवाजावर बाईंचा दिवस निघायचा.

"वहिनी, हे धूड पार म्हातारं झालंय," धाकटा दीर म्हणाला. "उद्या बंद पडलं, की दादाचे फोटो गेले पाण्यात."

"त्यातली टकटक जाईल म्हणून भिते, भाऊजी."

"अहो, जुनं वस्त्र टाकायचं, नवं घालायचं. आत्मा तोच!"

देवाचं नाव घेऊन बाईंनी 'आत्ता' दाबलं.

पडदा बराच वेळ काळा राहिला, मग लख्ख उजळला. फोटो जागच्या जागी होते. बाईंनी डब्याला कान लावला. आत काहीच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात टेबलावर टकटक झाली.

दिराचं बोट होतं. त्या बोटात अंगठी नव्हती, आवाज मात्र अंगठीचाच होता.

"किती वाट पाहायला लावलीस गं," तो म्हणाला.