मळकट रंगाची कपाटं

"बाबा, हा बघा. मॅट आहे, बोटांचे डाग दिसत नाहीत." लेकीनं सनमायकाचा आणखी एक तुकडा पुढे सरकवला.

"चालेल," बाबा म्हणाले. आधीच्या चकचकीत तुकड्यालाही ते चालेलच म्हणाले होते. बायको गेल्यापासून त्यांना सगळंच चालत होतं. अळणी भाजीसुद्धा.

जन्मभर त्यांनी जहाजाची इंजिनं सांभाळली. घरी यायचे ते सुट्टीपुरते, पाहुण्यासारखे. निवृत्त होऊन कायमचे आले, तेव्हा ती जाऊन दोन महिने झाले होते. आता स्वयंपाकघरातल्या कपाटाचं एक दार बिजागरीतून निखळलं आणि सगळीच दारं बदलू या, म्हणून लेक हटून बसली.

दुकानात येताना मात्र बाबांनी ते निखळलेलं दार काखेत मारून आणलं होतं. सगळे तुकडे बघून झाल्यावर त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"खरं सांगू? मला हाच रंग पाहिजे. तिनं निवडलेला."

"अहो बाबा, तुम्हीच ना त्याला नावं ठेवायचात?"

ठेवायचे खरे, दर सुट्टीत. हा काय मळकट रंग आणलास, कपाटं आहेत की न धुतलेले कपडे? तीही काही कमी नव्हती. "कायमचे घरी या, मग बोलू रंगाबद्दल," म्हणायची आणि भांडी आवरायला लागायची. बोलणं राहूनच गेलं. आता तिचा म्हणावा असा तेवढा तो रंग उरला होता. तो जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

दुकानदारानं दार उजेडात धरलं. कडेला नखानं खरवडलं, चिमटीत काहीतरी पकडलं आणि ओढलं. पिवळट, चिवट प्लॅस्टिक करकरत निघालं. खाली मोरपंखी रंग होता, कालच बसवल्यासारखा.

"ओरखडे पडू नयेत म्हणून नव्या मालावर हे असतं," तो म्हणाला. "दारं बसवली की काढायचं. सुतार विसरला वाटतं."

बाबांनी मोरपंखीवरून बोट फिरवलं. बोटाचा डाग उमटला. त्यांनी तो पुसला नाही.

"सुतार नाही विसरला," ते म्हणाले. "तिनंच काढू दिलं नसणार."

"हा रंग अजून मिळतो काका. देऊ?"

"नको." त्यांनी दार पुन्हा काखेत घेतलं. "बाकीच्या दारांवरचं मी घरी जाऊन काढतो. आलोय आता कायमचा."