हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात कौसाबाई नवऱ्याला घेऊन धारूरच्या बँकेत यायची. शाळेचा रिटायर शिपाई अजून जिवंत आहे, हे सरकारला पटवावं लागायचं. आजही म्हाताऱ्यानं मशीनवर अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला आणि वर्षभराची पेन्शन पक्की झाली. त्याच शाळेत कौसाबाईनं बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली होती. निघताना मिळालं ते लुगडं अन् नारळ. आपणही जिवंत आहोत का, हे कुणीतरी विचारावं, असं तिला वाटायचं. शेवटी तिनं अंगठा पुढं केला. "साहेब, माझा बी घ्या की. मी बी जित्ती हाय." रांग हसली, साहेब हसले नाहीत. "मावशी, तुमच्या कामाला पेन्शन नाही. पण काका गेल्यावर त्यांचीच तुम्हाला मिळेल. मग तुमचाच अंगठा घेऊ." चुलीच्या चटक्यांना कधी न भ्यालेला अंगठा तिनं झटकन पदरात लपवला.