आधीच्या भाडेकरूची समन्स

आधीच्या भाडेकरूने कर्ज बुडवलं आणि त्याच्या नावाची समन्स मात्र आमच्या दारात. "अहो, तो आता इथे राहत नाही," असं मी दर वेळी सांगायचे. कोर्टाचा बेलिफ आमच्या फ्रिजकडे असा बघायचा, की आता जप्तीच येणार असं वाटायचं.

"कर्ज काढायचं आणि घर बदलून पसार व्हायचं! जनाची नाही, मनाची तरी?" नवरा प्रत्येक समन्सला नव्याने कडाडायचा.

काल तो भाडेकरू स्वतःच दारात उभा. मी पाचही समन्स त्याच्या हातात कोंबली. त्याने ओशाळून पिशवीतून एक जाडजूड गठ्ठा काढला.



"ताई, मी हल्ली तुमच्या जुन्या घरात राहतो. ही अकरा भाऊजींची."