पंख्यातल्या अक्षता

बाबांच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, म्हणून नवा आणून मी टेबलावर सगळं खोलून बसलो. आई समोर बसली होती. बाबा गेल्यापासून ती हसलीच नव्हती. सहा महिन्यांत रबरी पालीपासून तिला हसवायचे माझे सगळे फंडे वाया गेले होते.

खालचं झाकण काढलं, तर पंख्यात लाल गाळ! उपडा करून ठोकला, तर टपटप तांदूळ पडले.

कुंकू आणि अक्षता! मला दरवर्षीचा दसरा आठवला. बाबा लॅपटॉप छातीशी धरून ओरडायचे, "स्कूटरची पूजा कर, मिक्सरची कर, पण माझ्या मशीनला कुंकू नको!" आई म्हणायची, "नाही हो, नुसतं लांबून ओवाळते."

"काय गं आई," मी एक दाणा तिच्यापुढे धरला, "लांबून एवढा नेम?"

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, तर हसत होती.

"ते अंघोळीला गेले की पूजा उरकायचे मी. पुढं पंखा घरघरायला लागला, तर बिचारे दुकानदाराला शिव्या घालत बसायचे. मग मीही दोन घालायचे."