दुपारचं औषध

लिलाबाईच्या मणक्यातली गाठ कापण्यापलीकडे गेली, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी वेदना थांबवायला तिच्या पाठीत बारीक नळी बसवून दिली. तिचा नवरा भिकन रोज दुपारी त्या नळीत सुईने औषध सोडायचा. मग ती लेकरासारखी झोपी जायची.

मोठी जाऊ झुंबरबाई चुलीपाशी बसून ते पाहायची आणि आतून जळायची. तिचीही कंबर वर्षानुवर्षं ठणकत होती. पण तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही.

त्या दुपारी भिकनने औषध सोडलं आणि झुंबरबाईच्या पाठीतून गार धार खाली उतरली. कंबरेतली कळ गेली. ती सहज ताठ बसली.

खाटेवर लिलाबाई मात्र विव्हळत होती. "माले काहीच फरक नही."

"बठ्ठं औषध तर गयं," रिकामी सुई पाहत भिकन गोंधळून म्हणाला.

लिलाबाईने सावकाश चुलीकडे मान वळवून ताठ बसलेल्या जावेकडे पाहिलं. "अक्का, तुमनी कंबर आते दुखत नही ना?"

झुंबरबाईच्या हातातली भाकर तशीच राहिली.

"मनी? मनी कंबर कोठे दुखस?" ती म्हणाली. "भाऊ, दुसरी सुई भर ना."

भिकन सुई भरू लागला. झुंबरबाईने डोळे मिटले आणि पाठ सैल सोडली.