महिना भरेपर्यंत

शेजारच्या फँग बाईंच्या घराचे पडदे बाराव्या दिवशीही उघडले नाहीत, तेव्हा प्रतिमानं ओट्याशी उभ्या उभ्या दिवस पुन्हा मोजले.

बाळंतपण झालं होतं, यात शंका नव्हती. फँग बाई आपल्या लेकीला, लिलीला, हॉस्पिटलातून घेऊन आल्या ते तिनं खिडकीतून पाहिलं होतं. दुपट्यानं झाकलेली कार सीटही पाहिली होती. त्यानंतर मात्र त्या घरातून एकदाही रडण्याचा आवाज नाही. मध्ये जेमतेम वीस फुटांचं लॉन. पस्तीस वर्षं बायकांची बाळंतपणं केलेल्या डॉक्टरला ही शांतता काही बरी वाटेना.

"इथल्या थंडीत खिडक्या उघड्या ठेवतं का कोणी?" तिचा नवरा जगन्नाथ म्हणाला. "आवाज येणार कुठून?"

 तिनं डिंकाचे लाडू डब्यात भरले आणि शेजारी गेली.

फँग बाईंनी दार वीतभरच उघडलं. डोळे सुजलेले होते. डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"बाळ कसं आहे?" प्रतिमानं इंग्रजीत विचारलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "महिना होऊ दे. मग ये." आणखी काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण आतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तसं त्यांनी दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी तिला तो माणूस दिसला. सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत होता. उंच, डोक्यावरून हुडी ओढलेली. प्रतिमा ड्राइव्हवेवर आली मात्र, त्यानं डबा तिथंच सोडला, पाठ फिरवली आणि गराजमध्ये शिरला. शटर खाली आलं.

लिलीचं लग्न झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. ती प्रतिमाच्या डोळ्यांदेखत मोठी झाली होती. शाळेच्या बससाठी रोज याच कोपऱ्यावर उभी असायची. मग हा कोण? आणि तोंड का लपवतो? जिन्यावरून पडले, असं सांगणाऱ्या बायका प्रतिमानं दवाखान्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांच्याबरोबर आलेले नवरे असेच नजर टाळायचे.

रविवारी सिएटलला राहणाऱ्या तिच्या मुलाचा, सिद्धेशचा, फोन आला. हल्ली तो अगदी हळू बोलायचा. अपार्टमेंटच्या भिंती पातळ आहेत, म्हणायचा. पस्तिशीला आलेला मुलगा, पण तिनं पाठवलेल्या स्थळांना उत्तर नाही. कधीतरी रागाच्या भरात ती बोलून गेली होती, "आपल्याबाहेरची आणलीस, तर या घरात पाऊल टाकू नकोस." त्यानंतर तो विषय दोघांनीही काढला नव्हता. हवापाणी, जेवणखाण, गुडघे, एवढ्यावर फोन संपायचा.

त्या दिवशी तिनं त्याला शेजारचं सगळं सांगितलं.

"मला वाटतं पोलिसांना कळवावं," ती म्हणाली.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"नको, आई. त्यांच्यात पद्धत असते तशी. महिना पुरा होऊ दे."

"आणि तोवर त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर?"

"काही होणार नाही," तो म्हणाला, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

रविवारी कसली मीटिंग, असं तिच्या मनात आलं. पण तेवढ्यात शेजारच्या घरात वरच्या मजल्यावरचा दिवा मालवला आणि तिचं लक्ष तिकडे गेलं.

शनिवारी ओळखीतली अनया जेवायला आली. ती जवळच कोलंबसला पीएचडी करत होती आणि तिच्या लॅबमधली मैत्रीण चिनी होती. प्रतिमानं तिला विचारलं, "चिनी भाषेत अभिनंदन कसं करतात गं?"

"कुंग-शी, काकू. पहिला सूर वर, सपाट. दुसरा खाली नेऊन किंचित उचलायचा. आणि दोनदा म्हणायचं. कुंग-शी, कुंग-शी." अनयानं तिच्याकडून घोकून घेतलं. "गिफ्ट लाल कागदात द्या, पांढऱ्यात नको. दोन्ही हातांनी द्यायचं. आणि महिन्याच्या आत अभिनंदन करायचं नाही."

"का?"

"पूर्वी म्हणे मुलं जगायची नाहीत ना. महिना काढला तरच ते मूल आपलं."

जगन्नाथनं ताटातून मान वर केली. 

महिना पुरा झाला त्या दिवशी दुपारी प्रतिमानं चांदीचे वाळे लाल कागदात बांधले. तिचं ठरलं होतं. दारात अभिनंदन करायचं, आत जायचं, बाळ आणि बाळंतीण डोळ्यांनी बघायची. आत घेतलं नाही, तर तिथल्या तिथे पोलिसांना फोन.

"मी ड्राइव्हवेवर थांबतो," जगन्नाथ म्हणाला. यावेळी त्यानं तिला अडवलं नाही.

तिनं बेल वाजवली. आत पावलं वाजली, थांबली. दोन माणसांची दबकी कुजबुज ऐकू आली. एक आवाज पुरुषाचा होता, शब्द कळत नव्हते. तिनं कोटाच्या खिशातला फोन घट्ट धरला.

दार उघडलं. फँग बाईंनी लाल स्वेटर घातला होता. त्यांच्यामागे पॅसेजमध्ये अंधार होता.

प्रतिमानं पुडकं दोन्ही हातांनी पुढे केलं. आतपर्यंत ऐकू जावं म्हणून जरा जोरातच म्हणाली, "कुंग-शी, कुंग-शी."

फँग बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी पुडकं घेतलं नाही. भिंतीला टेकून त्यांनी तिला वाट करून दिली.

"आई, हळू बोल ना," आतून मराठीत आवाज आला, सिद्धेशचा. "आत्ताच झोपलीय ती."