दुपारचा खेळाडू

सतीशकुमारनं ते पत्र तिसऱ्यांदा वाचलं. बुद्धिबळाच्या संकेतस्थळानं मोठ्या अदबीनं विचारलं होतं, तुमच्या खात्यावरून दोन माणसं खेळतात काय?

सकाळी कचेरीत जाण्याआधी खेळणारा घोडे उधळतो, दहाव्या खेळीच्या आत वजीर घालवतो आणि हरतो. हा सतीशकुमार. त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. दुपारी खेळणारा मात्र प्यादी एकेक घरच सरकवतो, किल्लेकोट करत नाही, घाई करत नाही, आणि महिनाभरात एकदाही हरलेला नाही.

"प्यादं एकेक घर! ही इथल्या तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी घराण्यांतली पद्धत," तो बायकोला म्हणाला. "तुझं माहेर राजवाड्यामागचं. आणि दुपारी घरात तूच असतेस, जयश्री."

"अय्यो! आमच्याकडे बायका पटाजवळ जायच्या त्या कापीचे पेले ठेवायला," जयश्री म्हणाली. "घोडा कसा चालतो तेही मला ठाऊक नाही. आज दुसरं काही सुचत नाही काय तुम्हाला? पाचला भरद्वाज येणार."

भरद्वाज म्हणजे वकील. ते सोबत डॉक्टरांना आणणार होते. वडिलांना, कृष्णस्वामींना, काही समजत नाही असा दाखला मिळाला की कोर्टातून ओरत्तनाडूची शेती विकायची वाट मोकळी होणार होती. गिऱ्हाईक तयार होतं. शेती विकायची नाही म्हणून वर्षानुवर्षं हटून बसलेले अप्पा पक्षाघात झाल्यापासून सहा महिने मुकाट पडून होते. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हले. ते नसांचं आहे, मनावर घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. कुणी घेतलं नव्हतं.

सतीशकुमारनं रजा टाकलेलीच होती. दुपारी अप्पांच्या पलंगाशी खुर्ची ओढून त्यानं पाय पलंगावरच ठेवले. अप्पांच्या मांडीवर, उशीला टेकवून, त्याचाच जुना टॅबलेट होता. त्यावर दिवसभर तिरुवैयारुच्या उत्सवातलं गाणं चालू असे. जयश्री समोर जमिनीवर शेंगा निवडत बसली. ती नजरेसमोर हवीच होती.

त्यानं फोनवर नव्या नावानं खातं उघडलं आणि आपल्याच जुन्या खात्याला आव्हान दिलं.

आव्हान लगेच स्वीकारलं गेलं. एक प्यादं एक घर पुढं आलं.

त्यानं झटकन जयश्रीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात शेंगांत.

"काय हो, असं काय बघता?"

"काही नाही. शेतीचं उरकलं की अप्पांना त्या वृद्धाश्रमात ठेवू, काय म्हणतेस?"

"हळू बोला की!"

"अगं, त्यांना काय समजतंय?"

नवव्या खेळीला त्याचा वजीर गेला. जयश्रीनं आणखी एक शेंग मोडली. सव्विसाव्या खेळीला त्याच्या राजाला हलायला जागा उरली नाही. शेवटचं प्यादंसुद्धा एकच घर चालून आलं होतं.

दारावरची घंटा वाजली. "आले वाटतं," म्हणत जयश्री ताट सारून उठली.

फोनवर एकेक अक्षर जुळवलेला निरोप उमटला. लिपी तमिळ, भाषा घरची मराठी.

"पाय खाली घे, सतीश. आणि डॉक्टरांना विचार, बुद्धिबळ येतं काय."